काडतुसांचे जुने अमेरिकन खोके: अस्सल कसा ओळखायचा? (दोन घेतलेत, एकात फसलोय असं वाटतंय)

उनाड_पक्षी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत असतो, लिहायची वेळ पहिल्यांदाच, सांभाळून घ्या. मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला असतो. बायकोला जुन्या बरण्यांचा नाद आहे म्हणून शनिवारी सकाळी एस्टेट सेल पालथे घालतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घरातलं म्हातारं माणूस गेलं की सगळं सामान त्याच घरात मांडून विकतात, आपल्याला सुरुवातीला फार कसंतरी होतं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरून त्यांचे चमचे उचलून बघायचे. असो.

तर गेल्या महिन्यात ग्रीलीच्या पुढे एका जुन्या रँचवर सेल होता. बायको बरण्यांत, मी गॅरेजमधे. खिळे, बिजागऱ्या, गंजलेले पाने असल्या डब्यांच्या मागे पुठ्ठ्याचा एक छोटा खोका सापडला, साबणाच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल एवढा. उचलला तर हात खाली गेला इतका जड. झाकणावर लेबल, कधीकाळी हिरवं असावं, आता शेवाळ वाळल्यासारखा रंग. वर लिहिलंय ५० सेंट्रल फायर कार्ट्रिजेस, ४४ विंचेस्टर, खाली युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी, ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट. आत ५० नाहीत, ३१ आहेत. ६० डॉलर दिले.

घरी येऊन दोन रात्री यावरच वाचत बसलो आणि जे होतं तेच झालं, खाज सुटली. मग ऑनलाइन आणखी एक घेतला, लष्कराचा, फ्रँकफर्ड आर्सेनलचा (म्हणजे अमेरिकन लष्कराचा दारूगोळ्याचा कारखाना), १२ रिव्हॉल्व्हर काडतुसांचा, लेबलवर मार्च १८७४, रिकामा, पण लेबल काय सुंदर राव, अक्षरं नुकतीच छापल्यासारखी. ३४० डॉलर. बायकोला १४० सांगितलंय, प्लीज.

आता प्रश्न असा की दुसरा खोका हातात आल्यापासून मला काहीतरी खटकतंय, काय ते सांगता येत नाही. फोटो टाकलेत. जाणकार कुणी असेल तर बघा.

मिस्किल_मावळा

पन्नास काडतुसं, एक खोका, एकदम ओके!

सॉरी, राहवलं नाही. पण भाऊ, खोका म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार.

निमूट

मला एक कळत नाही, बंदुका जमवणारे लोक माहीत आहेत, नाणी, काडेपेट्या, पोस्टाची तिकिटं माहीत आहेत. पण गोळ्यांचा पुठ्ठ्याचा खोका? त्यात काय जमवायचं? चिडवत नाहीये, खरंच विचारतोय.

टुल्साकर

निमूटराव, तुमच्या प्रश्नाचं आधी देतो, मग उनाडभाऊंकडे येतो.

मी ओक्लाहोमात २६ वर्षं आहे, त्यातली १९ या खुळात गेली. बंदूक माणूस जपतो, तेल लावतो, मुलाला देतो. विंचेस्टरने १८७३ चं मॉडेल सात लाखांवर बनवलं, त्यातल्या कितीतरी आजही भिंतीवर आहेत. पण गोळ्यांचा खोका? गोळ्या संपल्या की खोका चुलीत, नाहीतर रस्त्यात. तो टाकायसाठीच बनवलेला होता. म्हणून आज परिस्थिती अशी आहे की बंदूक मिळते, गोळी पण मिळते, खोका मिळत नाही, आणि काही काही काडतुसांच्या बाबतीत तर रिकामा खोका आतल्या पन्नास गोळ्यांपेक्षा महाग जातो. आपल्याकडे जुन्या काडेपेट्यांचे छाप जमवणारे होतेच की, काड्या कोण ठेवतो?

दुसरं म्हणजे खोका बोलतो. बंदुकीवर फार तर नंबर आणि पेटंट. खोक्यावर कंपनी, गाव, बंदुकीची दारू किती ग्रेन, गोळी किती ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), कुठल्या बंदुकीसाठी, सगळं छापलेलं. युनियन मेटॅलिक, म्हणजे आमच्या भाषेत यूएमसी, १८६७ साली ब्रिजपोर्टला सुरू झाली, मार्सेलस हार्टली नावाचा न्यूयॉर्कचा शस्त्रव्यापारी होता त्याच्या डोक्यातून. १९१२ मधे ती आणि रेमिंग्टन अधिकृतपणे एक झाल्या आणि लेबलावर रेमिंग्टन-यूएमसी यायला लागलं. म्हणजे उनाडभाऊ, तुमच्या पहिल्या खोक्यावर नुसतं युनियन मेटॅलिक आहे याचा अर्थ तो १९१२ च्या आधीचा, हे न उघडता सांगता येतं. दोन भागांचा आहे ना? खाली तळ, वर वेगळं झाकण? तसाच दिसतोय.

आता दुसरा खोका. फोटो मोठा करून बघितला. मला वाईट वाटतंय सांगायला पण आधी एक करा, भिंग घ्या, दहापट मोठं करणारं, घड्याळवाल्याकडे असतं तसलं, आणि अक्षरांची कड बघा. ठिपके दिसतात का सांगा. आणि वास घेऊन बघा.

उनाड_पक्षी

काका वास कशाचा?

टुल्साकर

तुम्ही घ्या तर आधी.

उनाड_पक्षी

... चहा.

काका शपथ सांगतो चहाचा वास येतोय. अगदी बारीक, पण आहे.

मिस्किल_मावळा

आलं घातलेला की वेलची?

टुल्साकर

हसू नका हो, माझ्याकडेही असाच एक आहे, मी २२५ दिले होते, २००९ साली. कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय, दुसरा घ्यायची हुक्की आली की काढून बघतो.

भानगड अशी आहे. इथे काउबॉय ॲक्शन शूटिंग म्हणून खेळ आहे, लोक त्या काळचे कपडे घालून, टोप्या घालून त्या काळच्या पद्धतीच्या बंदुकांनी नेमबाजी करतात. त्यांच्यासाठी जुन्या खोक्यांच्या नकला मिळतात, दहा-बारा डॉलरला, आणि त्या विकणारे प्रामाणिकपणे नक्कल म्हणूनच विकतात, त्यात काही गैर नाही. गैर पुढे होतं. कुणीतरी ती नक्कल घेतो, चहाच्या पाण्यात बुडवतो, ओव्हनमधे मंद आचेवर वाळवतो, कोपरे पॉलिश पेपरने घासतो, आणि तिसऱ्याला विकतो. तिसरा म्हणजे तुम्ही आणि मी.

तुमच्या फोटोत मला तीन गोष्टी दिसल्या. पुठ्ठ्याच्या कडा झिजल्यात पण त्या कडेवरून गेलेलं लेबल झिजलेलं नाही, हे कसं शक्य आहे, दोन्ही एकाच खिशात हिंडले ना? डाग सगळीकडे सारखा आहे, म्हाताऱ्या कागदाचा डाग असा नसतो, तो एका कोपऱ्यातून येतो, कुठे हात लागलाय तिथे काळा, कुठे ऊन लागलंय तिथे फिका.

तिसरी गोष्ट मात्र कुठल्याही भिंगाशिवाय. लेबलावर काय लिहिलंय बघा, कोल्ट आणि स्कोफील्ड दोन्ही रिव्हॉल्व्हरसाठी. आणि तारीख मार्च १८७४. अहो, स्कोफील्ड रिव्हॉल्व्हर लष्कराच्या हातात पडलं १८७५ ला! कोल्टचं काडतूस लांब होतं, ते स्कोफील्डमधे बसेना, म्हणून आर्सेनलने मग आखूड काडतूस काढलं, २८ ग्रेन दारू आणि २३० ग्रेन गोळी, जे दोन्हीत चालेल. म्हणजे ज्याने हे लेबल बनवलं त्याने मजकूर एका खऱ्या खोक्याचा घेतला आणि तारीख जुनी दिसावी म्हणून आपल्या मनाने मागे नेली. लोभ नडला त्याला, १८७६ टाकलं असतं तर मीसुद्धा दोनदा विचार केला असता.

उनाड_पक्षी

भिंग नव्हतं, ऑफिसमधल्या एकाकडून आणलं. ठिपके आहेत. निळे, लाल, पिवळे बारीक बारीक, रांगोळीचं छापील पुस्तक जवळून बघितल्यासारखं. काळ्या अक्षरातसुद्धा.

३४० डॉलर. तीनशे चाळीस.

विकणाऱ्याला मेसेज टाकलाय, तो म्हणतो "मी कुठे अस्सल म्हटलं, मी जुन्या पद्धतीचा म्हटलं होतं". परत जाहिरात वाचली, खरंच तसंच लिहिलंय हो हरामखोराने, नीट मोजून मापून.

कागदवेडी

नमस्कार, बंदुकांतलं मला ओ की ठो कळत नाही पण मी कागद जतनाचं काम करते, पोथ्या, नकाशे, जुन्या जाहिराती, त्यामुळे लेबल म्हटल्यावर थांबले.

ठिपके दिसले म्हणजे विषय संपला. एकोणिसाव्या शतकात असली लेबलं खिळ्यांवर छापायची, म्हणजे शिशाच्या टाइपाला शाई लावून कागदावर दाब. त्याची खूण म्हणजे शाई अक्षराच्या कडेला किंचित गोळा होते, मधे पातळ आणि कडेला गडद रेघ, आणि मागून बोट फिरवलं तर कधीकधी दाब हाताला लागतो. इंकजेट कागदात झिरपतं, लेसरची पावडर कागदावर बसते आणि चमकते. एकदा डोळ्याला सवय झाली की भिंगसुद्धा लागत नाही.

अजून एक सोपी चाचणी, नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तो अंधारात मारा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी जी रसायनं घालतात ती निळसर चमकतात. त्याआधीचा कागद मेल्यासारखा पडून राहतो. फक्त उलटं खरं मानू नका, चमकला नाही म्हणजे जुनाच असं नाही, चहाने ती चमक दबते आणि न चमकणारा नवा कागदही मिळतो.

आणि उनाड_पक्षी, तुमच्या पहिल्या खोक्याच्या फोटोत झाकणाच्या कोपऱ्यावर ते पारदर्शक काय आहे? सेलोटेप आहे का? असेल तर हात लावू नका!! ओढून काढायला जाल आणि लेबल सोबत येईल.

उनाड_पक्षी

हो ताई, टेपच आहे, पिवळी पडलेली. काल रात्री नख लावून बघितलं थोडं... मग थांबलो.

कागदवेडी

बरं झालं थांबलात. जुन्या टेपचा गोंद कागदात मुरलेला असतो, तो जाणकार माणसाकडून काढून घ्यावा लागतो, थोडी उष्णता, थोडं द्रावण, आणि पुष्कळ धीर. घरी ठेवताना आम्लविरहित पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवा, ऊन नको, तळघरातला ओलावा नको. पुठ्ठ्याची खळ म्हणजे कसरीचं पक्वान्न.

खडकीवाला

धागा भारी चाललाय. आमच्या घरात हा विषय वेगळ्या बाजूने येतो. माझे आजोबा आणि वडील दोघंही खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत. ती फॅक्टरी सुरू झाली १८६९ ला, म्हणजे टुल्साकर काकांची यूएमसी १८६७ आणि आमची खडकी १८६९, जवळजवळ जुळी भावंडं म्हणा ना, एक ब्रिजपोर्टला एक मुळेकाठी. काडतुसाच्या बुडावर केएफ असा ठसा, किर्की फॅक्टरी, इंग्रज खडकीला किर्की म्हणायचे.

आणि गंमत बघा, १८५७ ला ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून एवढं रामायण झालं, ती १८५३ च्या एनफील्ड रायफलची होती, कागदाची, दाताने फाडायची. तीच एनफील्ड चार वर्षांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी लाखोंनी वापरली.

टुल्साकर

वा खडकीवाले, बरोब्बर. आणि त्या कागदी काडतुसांची पुडकी हा आमच्यातला एक वेगळाच पंथ आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या लष्करी कारखान्यांची रायफलची पुडी असायची, दहा काडतुसं कागदात गुंडाळून सुतळीने बांधलेली, आणि त्यातच छोट्या कागदी नळीत बारा टोप्या, म्हणजे बार उडवायला ठिणगी देणाऱ्या धातूच्या इवल्या टोप्या, प्रत्येक गोळीला एक. दहाला बारा का? कारण थंडीत, भीतीने, घामट हातातून टोपी पडते. कुठल्यातरी कारकुनाने ते गृहीत धरलंय, दोन टोप्या हरवणार. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या दोन टोप्यांचाच विचार करत होतो.

रिव्हॉल्व्हरची पुडकी सहाची. लाकडाच्या ठोकळ्याला सहा भोकं, एकेकात एक काडतूस, वरून कागद. हॅझार्ड पावडर कंपनीची त्यातली प्रसिद्ध, कनेक्टिकटमधे हॅझार्डव्हिल नावाचं गावच आहे. आणि स्पेन्सर रायफल सात गोळ्यांची, म्हणून तिचा खोका बेचाळीसचा, सात सक बेचाळीस. खोका बघून बंदुकीचं पोट कळतं.

निमूट

हे दोन टोप्यांचं वाचून माझा मूळ प्रश्न मागे घेतो.

तरी एक विचारतो, लष्करी खोक्यांना एवढा भाव का? कस्टरमुळे?

टुल्साकर

बरंचसं तेच. लिटल बिगहॉर्नची लढाई, २५ जून १८७६, त्यात कस्टर नावाचा घोडदळाचा अधिकारी लाकोटा आणि शायान या मूळ अमेरिकन जमातींशी लढताना मारला गेला. कस्टरच्या प्रत्येक घोडेस्वाराकडे कार्बाइनच्या, म्हणजे आखूड रायफलीच्या, १०० गोळ्या आणि रिव्हॉल्व्हरच्या २४. आता हिशोब करा, कार्बाइनचा खोका वीसचा, म्हणजे पाच खोके. रिव्हॉल्व्हरचा बाराचा, म्हणजे दोन. त्यामुळे फ्रँकफर्ड आर्सेनलचा १८७४-७५-७६ चा कुठलाही खोका दिसला की लोकांच्या डोळ्यासमोर थेट ती टेकडी येते आणि किमतीला पंख फुटतात, आणि म्हणूनच नकलाही याच वर्षांच्या. १८८८ च्या खोक्याची नक्कल करायला कोण बसलंय?

आणखी एक लक्षात ठेवा. आर्सेनलने काडतुसाच्या बुडावर ठसा मारायला सुरुवात केली १८७७ मधे, आर म्हणजे रायफल, सी म्हणजे कार्बाइन, एफ म्हणजे फ्रँकफर्ड, मग महिना आणि वर्ष. त्याआधीचं काडतूस बुडाला कोरं. तेव्हा ठसा असलेलं काडतूस दाखवून कुणी "कस्टरच्या लढाईतलं" म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा.

त्या काडतुसांच्या केसेस, म्हणजे दारू भरायची नळकांडी, तांब्याच्या होत्या, तापल्या की कार्बाइनच्या नळीत अडकायच्या, आणि म्हणून कस्टर मेला असंही लोक ठोकून देतात. १९८३ ला तिथलं गवत जळालं, जमीन उघडी पडली, १९८४ ला पुरातत्त्ववाले मेटल डिटेक्टर घेऊन उतरले. चाकूने उचकटून काढल्याच्या खुणा असलेल्या केसेस मिळाल्या पण अगदी मोजक्या. उलट समोरच्यांच्या, म्हणजे लाकोटा आणि शायान लोकांच्या हेन्री आणि विंचेस्टरच्या केसेस भरपूर निघाल्या. त्यांच्याकडे भराभर झाडणाऱ्या रायफली होत्या, लष्कराकडे एका वेळी एक गोळीची कार्बाइन.

सावली

मधेच येतेय, राग मानू नका. मी साउथ डकोटात शिकवते, माझ्या वर्गात लाकोटा मुलं असतात. हे सगळं वाचायला रंजक आहे हे कबूल, पण तुमच्या त्या खोक्यांतल्या गोळ्या कुठे गेल्या हेही कुणीतरी लिहायला हवं. १८८० च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या अमेरिकेत जेमतेम हजारभर बायसन उरले होते, काही दशकांपूर्वी कोट्यवधी होते. आणि वुंडेड नी, २९ डिसेंबर १८९०, तिथे लष्कराने लाकोटांची कत्तल केली, त्यात बायका पोरं होती. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी असला खोका कुणी शोकेसमधे ठेवणार नाही.

टुल्साकर

सावलीताई, राग कसला. बरोबर आहे तुमचं. शार्प्स रायफलच्या मोठ्या काडतुसांचे खोके मी जमवायचो, बायसन मारणाऱ्यांच्या रायफली त्या. ते लोक काडतुसं पुन्हा पुन्हा भरून वापरायचे, केस तीच, गोळी तळावर ओतायचे, म्हणून कंपनीचे खोके मुळात कमी खपले आणि आज त्यांना सोन्याचा भाव. एकदा एका शोमधे शेजारच्या टेबलवर बायसनच्या कवट्यांच्या ढिगाचा तो प्रसिद्ध फोटो लावलेला होता, माणूस वर उभा आहे तो. त्यानंतर शार्प्सच्या खोक्यांत माझं मन लागेना, विकून टाकले. बाकीचे ठेवलेत. तुम्ही म्हणाल यात तर्क काय, तर नाही तर्क.

सावली

लिहिलंत ते बरं केलंत.

काळाकोट

एक सूचना, आणि ही कृपया गांभीर्याने घ्या, कारण सुट्टीचा सीझन जवळ आलाय. अमेरिकेतल्या मंडळींनी "आपल्या खडकीच्या भावाला एक जुनी गोळी नेऊ भेट" असला उद्योग अजिबात करू नये. भारतात आर्म्स ॲक्ट, १९५९ लागू आहे, शंभर वर्षांची गोळी आणि कालची गोळी यात विमानतळावर कुणी फरक करत बसत नाही. बॅगेत एक काडतूस सापडलं की कलम २५ खाली गुन्हा, विमान गेलं, रात्र पोलीस ठाण्यात, मग हायकोर्टात "मला माहीतच नव्हतं" सिद्ध करत फिरा. माझ्याकडे असा एक माणूस आला होता, काकांची जुनी बॅग घेऊन निघाला होता बिचारा, कप्प्यात एक गोळी. सुटला, पण दीड वर्षाने. आणि कायद्यातल्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात, म्हणून "नुसती रिकामी केस आहे" हेही बोलू नका. खोका न्यायचा तर रिकामा, झटकून, आत एक कण नको.

टुल्साकर

शंभर टक्के. इथेसुद्धा पोस्टाने गोळ्या पाठवता येत नाहीत, रिकामा खोका पाठवता येतो. म्हणून बरेच लोक भरलेला खोका शोमधे हातोहात घेतात. टुल्साला वर्षातून दोनदा भरतो तो आणि सेंट लुईसला खास काडतूसवाल्यांचा असतो तो. उनाडभाऊ, टुल्साला या एकदा, पायाचे तुकडे पडतात एवढी टेबलं.

आता ते ३१ नग काय आहेत ते बघू. प्रत्येकाचं बूड बघून यादी करा. हातमोजे घाला किंवा नंतर हात साबणाने धुवा, शिशाची पांढरी भुकटी पोटात जायला नको. आणि देवाशप्पथ पितांबरी लावू नका. हिरवा कळक आहे तो असू दे, घासलेलं पितळ म्हणजे आमच्या लेखी मेलेलं पितळ.

उनाड_पक्षी

यादी झाली. १९ वर यू एम सी आणि ४४ डब्ल्यू सी एफ. ७ वर डब्ल्यू आर ए को. ४ ला बुडाला काहीच नाही. आणि एकावर आर-पी. तो एक सोडून सगळ्यांच्या शिशाला पांढरं आलंय.

टुल्साकर

डब्ल्यू आर ए को म्हणजे विंचेस्टर. ४४ डब्ल्यू सी एफ म्हणजे ४४ विंचेस्टर सेंटर फायर, तुमच्या लेबलवरचंच काडतूस. आर-पी म्हणजे रेमिंग्टन-पीटर्स, तो ठसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे तुमच्या आजोबांच्या नव्हे, वडिलांच्या वयाची गोळी.

लोक याला मिसळीचा खोका म्हणतील आणि भाव पाडतील. मला विचाराल तर हा खोका अस्सल आहे याचा हाच पुरावा. बनावट करणारा एकसारखी काडतुसं घालतो. घरात वापरला गेलेला खोका असाच असतो, खिशात उरलेली एक आणून टाकली, शेजाऱ्याने चार दिली, खोगीराच्या पिशवीत सापडली, टाक त्यात. चव्वेचाळीस-चाळीस, म्हणजे याच काडतुसाचं दुसरं नाव, ते तर घराघरातलं काडतूस, ४० ग्रेन दारू, २०० ग्रेन गोळी, विंचेस्टर रायफललाही चालायचं आणि नंतर कोल्टने रिव्हॉल्व्हरही त्यातच काढलं. एक खोका घेतला की दोन्ही भरली.

नेव्हाडातली ती झाडाला टेकवलेली रायफल माहितीय का? ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमधे २०१४ ला एका पुरातत्त्ववाल्या बाईंना जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली विंचेस्टर ७३ दिसली. दस्ता मातीत रुतलेला, लाकूड उन्हापावसाने राखाडी, लांबून फांदीच वाटावी अशी. १८८२ ची. कुणी ठेवली, का परत आला नाही, आजतागायत पत्ता नाही. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममधे नेऊन एक्सरे काढला तर दस्त्याच्या आतल्या पोकळीत एक काडतूस निघालं. यूएमसीचं, चव्वेचाळीस डब्ल्यू सी एफ, १८८७ ते १९११ मधलं. म्हणजे तुमच्या त्या १९ मधल्याच एकाचं भावंड समजा.

उनाड_पक्षी

काका अंगावर काटा आला.

अजून एक. ताईंनी सांगितलं म्हणून जांभळा दिवा आणला. चहावाला खोका कडेकडेने चमकतो, जिथे चहा नीट लागला नाही तिथे निळा. ग्रीलीचा खोका ढिम्म. आणि झाकणाच्या बाजूला लेबलाची एक पट्टी दुसरीवर चढलीय, तिथली कड सुटलेली आहे, आत डोकावलं तर खाली रंग हिरवागार, पोपटाच्या पंखासारखा. बाकी सगळा उडालाय, तिथे तेवढा राहिलाय.

आणि हे महत्त्वाचं. सगळी काडतुसं बाहेर काढली तेव्हा तळाला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. फोटो तिरप्या उजेडात काढलाय. मला लागलेलं असं: "एग्ज २ डझन", त्याखाली "कोल ऑइल", मग "एग्ज ३ डझन", मग एक आडवी रेघ आणि शेवटची ओळ पुसट.

कागदवेडी

अय्या! फोटो मोठा टाका ना. आणि खोडरबर जवळपास सुद्धा ठेवू नका.

टुल्साकर

कोल ऑइल म्हणजे रॉकेल, तेव्हा तसंच म्हणायचे. अंडी देऊन रॉकेल घेतलंय. दुकानात अंडी-लोणी घालायचं आणि त्या बदल्यात वाणसामान न्यायचं, तिकडच्या गावांतून सर्रास चालायचं. म्हणजे हा खोका रिकामा होऊन घरच्या बाईच्या हातात गेला, तिने हिशोबाला वापरला, आणि मग परत कुणीतरी त्यात गोळ्या भरल्या. म्हणून तो चुलीत गेला नाही!

खडकीवाला

आमची आजी दुधाचा हिशोब कालनिर्णयच्या मागे लिहायची. लिटर, अर्धा, खाडा. ती गेल्यावर वडिलांनी बाकी सगळं दिलं, ती कॅलेंडरं दिली नाहीत.

निमूट

उनाडभाऊ, विकताय का ग्रीलीवाला? ६० चे ८० देतो. अंड्यांसकट.

उनाड_पक्षी

निमूटराव तुम्ही तर काल म्हणत होता पुठ्ठ्यात काय जमवायचं!

नाही विकत. बायकोनेच काचेच्या कपाटात जागा करून दिली, बरण्यांच्या शेजारी. फक्त काडतुसं वेगळी कुलुपात ठेवलीत, घरात पोरं आहेत. कपाट ओकचं आहे ते चालेल ना?

टुल्साकर

खोक्याचं कागदवेडीताईंना विचारा, गोळ्या मात्र ओकमधे ठेवू नका. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ निघते, शिसं पांढरं पडतं आणि भुगा होतो. ती ३० पांढरी झालीत ना, ती अशाच कुठल्यातरी लाकडी खणात राहिली असणार. लोखंडी पेटी, कोरडी जागा, बस.

उनाड_पक्षी

ओके काका. चहावाल्याचं सांगतो, त्याने १०० परत केले, बाकी नाही म्हणाला. तो खोका मुलीने घेतलाय, रंगीत खडू ठेवायला.

आणि ती शेवटची ओळ. मला "पेड" वाटतेय, पैसे दिले अशा अर्थी. बायको म्हणते "पीट" आहे, म्हणजे कुणा पीटकडे अंडी द्यायची. मोठा फोटो टाकलाय, तुम्हीच बघा.

कागदवेडी

पेड. शेवटचं अक्षर खाली वळलेलं नाही.

खडकीवाला

मला पीट दिसतंय.

मिस्किल_मावळा

वहिनी बरोबर आहेत. पीट उधारीवाला होता. आडवी रेघ बघा ना, रागात मारलीय.